रांजणांची खिडकी : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

मी भुसावळचा. आमच्या तीन पिढ्या रेल्वेत गेल्या, आणि तितक्याच एका जुन्या दगडी चर्चच्या चौथ्या बाकावर. त्या बाकाशेजारच्या रंगीत काचेच्या खिडकीत काना गावचं लग्न आहे. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, तो प्रसंग. धुळ्याकडची माझी आजी तिला 'रांजणांची खिडकी' म्हणायची. आजीला वाचता येत नव्हतं, पण सहाच्या सहा दगडी रांजण तिने मला बोटाने मोजायला लावले होते. सकाळच्या उपासनेत द्राक्षारसाचा तांबडा कवडसा बाकावर पडायचा आणि सरकत सरकत माझ्या गुडघ्यावर यायचा. प्रवचन लांबलं की नाही, हे मी घड्याळात कधी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी रंगकाम निघालं. मजुराने तारेची घासणी आणि फरशी धुवायचं ॲसिड घेऊन खिडक्या चकाचक केल्या. लाल-निळा रंग टिकला, कारण तो काच वितळवतानाच तिच्यात मिसळतात. पण चेहरे, बोटं, कपड्यांच्या चुण्या वरून रंगवून भट्टीत भाजलेल्या असतात. त्या बऱ्याच ठिकाणी निघाल्या. रांजणात पाणी ओतणाऱ्या चाकराला आता डोळेच नाहीत. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळत नाही, चाकरांना तेवढं ठाऊक असतं. नेमका तोच आमच्याकडे आंधळा झाला. मजुराला दोष देत नाही. आम्ही तिथेच चहा पीत उभे होतो.

दुसरं दुखणं शिशाचं. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. शिसं मऊ, उन्हात फुगतं, गार पडलं की आकसतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. वर्षानुवर्षांनी पट्ट्या थकतात, खिडकीला पोट सुटतं. दुसऱ्या एका खिडकीत येशू उत्तम मेंढपाळाच्या रूपात आहे; तिचं पोट आता हाताला लागतं. अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो, तर सल्ला मिळाला, "काढून टाका, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवा, हवाही येईल." पोच मात्र शिक्क्यासह दिली.

मुंबईत राजाबाई टॉवरच्या रंगीत काचा जाणकारांनी दुरुस्त केल्या. त्या वास्तूच्या जतनाला 2018 साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे. म्हणजे माणसं राज्यातच आहेत, फक्त कसारा घाट चढून इकडे येत नाहीत.

साहेब, पैसे मागत नाही. वर्गणी आमची मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, काढतील. पुरातत्त्व संचालनालयाने जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या जुन्या चर्चांत अशा काचा कुठे कुठे आहेत, याची फोटोंसह नोंद करावी. आमच्याकडे एक जाणकार दोन दिवस पाठवावा, शिसं बदलायचं की नुसता आधार द्यायचा हे सांगायला. आणि तोवर काचांना कोणी हात लावू नये, असं एक पत्र द्यावं. ते आम्ही दारावरच चिकटवू.

माणूस पावसाळ्याच्या आत आला तर बरं. वारा सुटला की मेंढपाळाची खिडकी खडखडते. सध्या तिला आतून एका फळीचा टेकू दिला आहे, आणि फळी हलू नये म्हणून तिच्या पायाशी प्रार्थनासंगीताच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा ठेवला आहे.

आपला,
रेल्वे वसाहतीतला एक रहिवासी,
भुसावळ