हर्णैच्या रेडिओवाल्या काकांना पत्र

काका,
सप्रेम नमस्कार.

दुकानाचं नाव कुठे लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. हर्णैला ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहेच. मी केळशीच्या अण्णांची सून. भाद्रपदात गणपती गेल्यावर जुना तीन बँडचा ट्रान्झिस्टर कापडी पिशवीत घालून आणला होता, ती.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं आणि आमच्या बाजूचे माड, आंबे, कौलं, खांब सगळंच घेऊन गेलं. लाईट नाही, मोबाईलचा टॉवर नाही. अशा वेळी अण्णांनी हात लांब करून रेडिओ मागितला. लावला, तर मुका. मागचं झाकण उघडलं तर सेल पाझरून हिरवट झालेले, स्प्रिंग कुजलेली. काचबिंदूने अण्णांची नजर गेली त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. पुढे कितीतरी दिवस त्यांचं एकच चालायचं, "अगो, किती वाजले?"

तुमच्याकडे येण्याआधी मी एका मोठ्या दुकानात गेले होते. तिथल्या मुलाने सेट हातातसुद्धा घेतला नाही. "मावशी, आता हे कोण ऐकतं? ब्लूटूथवाला घ्या, पेनड्राइव्हवर हजार गाणी भरून देतो." अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "गाणी घेऊन काय करू? मला बोलणारं माणूस हवं."

तुम्ही पाच आठवडे घेतलेत. दोन खेपा फुकट गेल्या तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाला बोल लावले, ते आज कबूल करते. तिसऱ्या खेपेला सेट समोर ठेवलात. स्प्रिंग नवी, डायलची तुटलेली दोरी काढून तिथे जाळ्याचा नायलॉन दोरा ओवलेला, आणि ट्यूनिंगच्या गोल बटणावर एम-सीलची मुगाएवढी गाठ. "म्हातारबाबांना दिसत नाही म्हणालात ना? डावीकडे अडेपर्यंत फिरवायचं. गाठ अर्धा फेरा आली की आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झ. तिथून दीड फेऱ्यावर रत्नागिरी, ११४३." दिसत नाही हे मी पहिल्या दिवशी बोलता बोलता एकदाच म्हणाले होते.

वर विचारलंत, सेट कुठे ठेवता? ओटीच्या खिडकीत, तोंड समुद्राकडे. तुम्ही हसलात. केळशीहून मुंबई उत्तरेला, रत्नागिरी दक्षिणेला. आतली फेराइटची कांडी, म्हणजे सेटचा अँटेना, त्याच रेषेत पडली तर आवाज बसणारच. कांडी पूर्व-पश्चिम पडायला हवी, म्हणजे सेटचं तोंड शेजाऱ्यांच्या पडवीकडे! तसा फिरवला आणि इतक्या वर्षांत न ऐकलेला खणखणीत आवाज आला. एलईडी बल्ब आणि मोबाईलचा चार्जर लांब ठेवा म्हणालात, तेही खरं निघालं. आता लाईट गेली की घरात सगळे वैतागतात आणि अण्णा खूश होतात. आळीभरचे चार्जर एकदम बंद, मग खरखर कसली?

तेव्हापासून आमच्या घराचा दिवस तुमच्या त्या गाठीवर चालतो. पहाटे संकेतधून. ती वॉल्टर कॉफमन नावाच्या, युरोपातून मुंबईला आलेल्या संगीतकाराची, हे अण्णांनी मला निदान वीसदा सांगितलंय. मग चिंतन. सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या. "इयं आकाशवाणी" हे निवेदकाच्या आधी अण्णा म्हणतात. पुढचं किती कळतं देव जाणे, पण मान डोलते. सात दहाला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की माझा चहा गाळून झालेला असला पाहिजे. नाही झाला तर घड्याळात चूक माझीच.

दुपारी बायकांच्या कार्यक्रमात कुणी डॉक्टरीणबाई रक्तदाबाबद्दल बोलल्या की अण्णा मला हाक मारून लोणचं आत ठेवायला लावतात. रात्री नभोनाट्य असेल तर जेवण पुढे ढकलायचं. तेव्हा मात्र मीही भांडी तशीच टाकून ओटीवर येते. दार करकरलं, पावलं वाजली, की आख्खा वाडा डोळ्यांसमोर उभा. त्या वेळेपुरतं अण्णांना आणि मला सारखंच दिसतं.

खरी मजा शेतीच्या कार्यक्रमाची. दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कुणी मोहोरावरच्या तुडतुड्यांबद्दल सांगायला लागले की अण्णा रेडिओशी भांडतात. फवारणी कधी, पालवी फुटताना की मोहोर फुलल्यावर, यावर त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. "ये म्हणावं माझ्या बागेत!" बाग वादळात निम्मी गेली. उरलेल्या सात कलमांवर दर संध्याकाळी वाद चालतो, आणि दुसऱ्या दिवशी फवारणी रेडिओने सांगितली तशीच होते.

हवामान लागलं की कुणी बोलायचं नाही. मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये, हे वाक्य आलं की अण्णा काठी टेकत गडग्यापर्यंत जातात आणि रस्त्याने जाणाऱ्याला ऐकवतात. सगळ्यांच्या फोनवर ते आधीच आलेलं असतं. तरी पलीकडच्या खारवीवाड्यातली पोरं थांबून "हो अण्णा" म्हणतात, म्हणजे त्यांचेही आभारच.

तुम्ही ऐंशी रुपये घेतलेत. पाच आठवड्यांचे. वर दोन सेल ठेवलेत आणि म्हणालात, पावसाळ्यात वापर नसेल तर काढून ठेवत जा. काढायची वेळ अजून आली नाही, कारण सेट बंदच होत नाही.

हल्ली आवाजाचं बटण फिरवताना कचकचतं. ३१ मेला होड्या वर ओढल्या की बंदरावर गर्दी कमी असेल, तेव्हा आणते दाखवायला. फक्त या वेळी पाच आठवडे नको, काका. सकाळी घ्या, संध्याकाळच्या बातम्यांच्या आत द्या. अण्णा सोबत येऊन तुमच्या बाकड्यावर बसणार आहेत. आमसुलं आणि कुळथाचं पीठ आणतेय, त्याला नाही म्हणू नका.

आपली,
केळशीच्या अण्णांची सून