बाळंतीण माहेरी, नोंद सासरी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात दर शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात. उपकेंद्रात नोकरी केलेल्या माझ्यासारखीला याचा आनंद आहेच. पण बैठक तालुक्याची असो की जिल्ह्याची, विचारणा एकच होते, प्रसूती कुठे झाली? बाई बाळ घेऊन घरी गेली की तिचा विषय संपतो.

बाळाचा धोका मात्र तेव्हा संपलेला नसतो. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाळे पहिल्याच आठवड्यात जातात. साध्या बाळंतपणानंतर बाईला निदान ४८ तास दवाखान्यात ठेवायचे असते आणि तीन दिवसांचे जेवणही सरकार देते. तरी थोरले मूल घरी एकटे आहे, सोबत थांबायला कोणी नाही, खाट रिकामी हवी आहे, अशा कारणांनी ती लवकर निघते. ४८ तास काढले तरी आठवड्यातले पाच दिवस उरतातच. बाळ दूध ओढेनासे होणे, अंग थंड पडणे, श्वास जोरात चालणे, नाळेला पू येणे, हे सगळे त्याच दिवसांत घरी दिसू लागते. आईलाही नंतर रक्तस्राव होऊ शकतो, झटके येऊ शकतात. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत, म्हणजे जाणकार माणसाने तिच्या घरी जाणे आलेच.

हे कसे करायचे ते आपल्याच राज्याने देशाला दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ नंतर गडचिरोलीतल्या ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर केंद्र सरकारने २०११ मध्ये आशाताईंकडे हे काम दिले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरभेट. वजन करायचे, ताप बघायचा, घड्याळ लावून श्वास मोजायचे, मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर दवाखान्यात पाठवायचे. सहा भेटींचे मिळून २५० रुपये ठरले, म्हणजे एका भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत. असो.

गाडी अडते ती पुढे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करतात. नाव घातलेले असते सासरच्या गावी, लोहाच्या गोळ्या आणि धनुर्वाताची इंजेक्शने झालेली तिथे, आणि आठव्या-नवव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते ती बाळ दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर परतते. सासरच्या आशेच्या वहीत नाव आहे, पण घरात बाळ नाही. माहेरच्या आशेच्या गावात बाळ आहे, पण वहीत नाव नाही. मग सासरहून फोन जातो, “बाळ बरं आहे ना?” “हो, बरं आहे.” झाली भेट! पहिलटकरणीला बाळ सुस्त पडणे म्हणजे शांत झोपणे वाटते, ते फोनवर कसे कळणार? यात मी आशांना दोष देत नाही. कागद भरायचा तगादा वरून असतो.

ऊसतोड कुटुंबांचे हाल याहून वाईट. गरोदर बाई दिवाळीच्या सुमारास बीडहून निघते आणि कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते. आशेची नेमणूक गावच्या लोकसंख्येवर, आणि कोपी कुठल्याच गावच्या लोकसंख्येत धरलेली नसते. तिथल्या आशेने स्वतःहून चक्कर मारली तर मारली.

उपाय फार खर्चाचा नाही. सुट्टी देताना बाईला एकच प्रश्न विचारावा, “पुढचे सहा आठवडे कुठे राहणार?” सांगेल ते गाव आणि तिथल्या आशेचा मोबाइल नंबर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावा, आणि घरी सोडणारी गाडी हलण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरनेच त्या आशेला फोन करावा. सरकारच्या आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) पोर्टलवर प्रत्येक गरोदर बाईला स्वतंत्र क्रमांक मिळतोच. त्या क्रमांकावर, बाळ प्रत्यक्ष पाहणाऱ्या आशेच्या नावे भेट चढावी आणि मोबदला भेटीगणिक मिळावा. एखादी लवकर परतली आणि दोन भेटी माहेरी, चार सासरी झाल्या तर दोघींना आपापले पैसे मिळायला हवेत. आढावा बैठकीतही तिसऱ्या आणि सातव्या दिवशी किती बाळांचे वजन प्रत्यक्ष झाले हा आकडा वेगळा मागावा.

कोप्यांसाठी मात्र निराळी तजवीज लागेल. गाळप हंगाम कधी सुरू होतो आणि टोळ्या कुठे उतरतात, हे कारखान्यांना आधीपासून माहीत असते. ती यादी ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत तळ पडतो तिथे हंगामाआधीच पोचवावी, आणि प्रत्येक तळ नावानिशी एका आशाताईला जोडून द्यावा. आरोग्य विभागाने येत्या हंगामापासून एवढे सुरू करावे, अशी आपल्या पत्रामार्फत विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका