दोन मिनिटांच्या बलूनसाठी किती थांबायचं?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी इंदूरच्या एका सरकारी रुग्णालयाने मला ऐन कानाच्या ऑपरेशनच्या दिवशी घरी धाडलं. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता, हाताला सलाइनची सुई टोचून झाली होती. मग निरोप आला, 'हे तुमच्या आयुष्मान कार्डात बसत नाही.' शिबिरात याच लोकांनी माइकवरून सांगितलं होतं की कार्ड असेल तर एक रुपयाही लागणार नाही.

नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी युस्टेशियन नळी जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. गिळताना, जांभई देताना ती उघडते. माझी उघडत नाही. कानाचा पडदा आत ओढला गेलाय, मागे पाणी साचतं, स्वतःचाच आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. मी डबे करते. गिऱ्हाइकाने फोनवर बावीस सांगितले, मला बत्तीस ऐकू आले. दहा डबे अंगावर पडले, आणि वर त्याचं बोलणंही मीच खाल्लं. नाकातले फवारे झाले, ग्रोमेट, म्हणजे पडद्यातली इवलीशी नळी, बसवलं, तेही गळून पडलं.

आता उरलं ते हेच नाकारलेलं ऑपरेशन: नाकावाटे दुर्बिणीने बारीक बलून नळीत सरकवायचा, दोन मिनिटं फुगवून ठेवायचा, काढून घ्यायचा. अमेरिकेत याला २०१६ मध्येच मान्यता मिळाली. तिथल्या चाचणीत सहा आठवड्यांनी शंभरातल्या बावन्न जणांच्या कानातला दाब ताळ्यावर आला, नुसत्या औषधांवर चौदा जणांचा. सगळ्यांना गुण येत नाही, मान्य. पण आम्हाला संधीच नाही! खाजगीत लाखाच्या पुढचा आकडा सांगतात. तो कुठून आणू?

२०१८ पासून पाच लाखांच्या कवचाच्या जाहिराती बघतोय. हृदयातल्या बलूनला तुमच्या योजनेत जागा आहे, मग कानातल्या बलूनने काय घोडं मारलंय? बहिरेपणात रक्त येत नाही, माणूस मरत नाही, म्हणून आमची फाइल कायम तळाशी. याच इंदूरने २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर काढला, कारण वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी मनावर घेतलं होतं. दवाखान्यात मात्र डॉक्टर काउंटरकडे बोट दाखवतात, काउंटरवाला भोपाळकडे, आणि रोजगार बुडवून आलेला माणूस पायरीवर बसून राहतो. गरिबाच्या वेळेला या राज्यात किंमतच नाही.

मला नकाराचं कारण सही-शिक्क्यानिशी हवंय. हे ऑपरेशन यादीत घाला. आणि तोवर शिबिरांत माइकवरून फुकटाची आश्वासनं देणं बंद करा.

आपली,
डबे करणारी एक बाई, सुदामानगर, इंदूर