बेराच्या, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते तपासण्याच्या, खोलीतल्या मॅडमना

मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण हे पत्र चार लोकांनी वाचावं असं वाटतं.

न्यूमोकोकस नावाच्या जंतूने झालेल्या मेनिंजायटिसमधून, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या सुजेतून, लेक वाचली. घरी आली ती भिंत धरून चालायची, हाकेला ओ देईना. सांगायला गेलो, तर आधीच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिच्या कानामागे टाळी वाजवली. झुळूक लागली असेल, तिने मान वळवली. झालं! ‘ऐकू येतंय, अशक्तपणा आहे, आजारपणात लाडावलीय.’ डिस्चार्ज कार्डावर टॉनिकसुद्धा होतं, कान तपासा एवढं मात्र नव्हतं. बरं झाल्यावर चार आठवड्यांच्या आत ही तपासणी व्हायला हवी, सूज आतल्या कानात उतरली की तिथल्या शंखासारख्या भागात, कॉक्लियात, हाड धरायला लागतं आणि मग ऐकू येण्यासाठी बसवतात त्या इम्प्लांटची तार घालायला जागाच उरत नाही, हे तुम्ही सांगितलंत. तोल जातो तोही आतल्या कानामुळेच, हेही. आम्ही आपले नाचणीचं सत्त्व भरवत होतो.

पुढची धावपळ सोडा. माझ्या मनातून जात नाही ते वेगळंच.

ऐकू येणं बंद झाल्यापासून तिला कुणी काही सांगूच शकत नव्हतं. हात पुढे आला की सुई, एवढंच तिला ठाऊक. तुम्ही तारा घेऊन आलात तशी ती टेबलाखाली शिरली. बाहेर रांग होती. तरी तुम्ही साडी सावरून फरशीवर बसलात, मास्क खाली केलात, आपली टिकली काढून तिच्या हातावर लावलीत आणि त्या जागी इलेक्ट्रोड चिकटवून घेतलात. मग दुसरा तिच्यापुढे धरून थांबलात. नुसत्या थांबलात. तिने आपणहून कपाळ पुढे केलं.

एवढं करायला ना मोठी डिग्री लागते, ना वेगळं बिल होतं. समोरचं पोर म्हणजे माणूस आहे, ते घाबरलंय, इतकंच दिसावं लागतं. पांढऱ्या कोटातल्या किती जणांना ते दिसलं नाही, ते मी मोजायचं सोडून दिलंय.

इम्प्लांटचं मशीन चालू झालंय, थेरपीही. फक्त रागावलं की बाईसाहेब मशीनचा बाहेरचा भाग, प्रोसेसर, काढून हातात देतात आणि भांडण तिथेच संपतं. मशीनचा आवाज जुळवून घ्यायला, पुढच्या मॅपिंगला, येऊ तेव्हा यावर काही उपाय सांगा.

तुमची ऋणी,
एक आई