देव फटीत बसवू नका

संपादक महाशय,
जीवसृष्टी निसर्गनियमांनी घडली म्हटले की ईश्वर बाद, हा समज दोन्ही बाजू उगाच ताणतात. नियमच ईश्वराचे मानणाऱ्याची श्रद्धा परीक्षानळीने कशी ढळेल? अडचण पुराव्याच्या फटीत देव बसवणाऱ्यांची आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलर यांनी आदिम पृथ्वीचे वातावरण कल्पून मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेत आठवडाभर विजेच्या ठिणग्या पाडल्या. १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ग्लायसिन, अ‍ॅलानिन ही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळाली. पेशी नव्हे! शिवाय अ‍ॅलानिनची एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असलेली डावी-उजवी रूपे सारख्याच प्रमाणात निघतात, प्रथिनांना मात्र डावेच लागते. आदिम पृथ्वीच्या वायूंत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनच जास्त असतील तर उत्पादनही घटते. फटी आहेतच, पण १८२८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर यांनी सजीवांच्या शरीरात बनणारा युरिया प्रयोगशाळेत बनवला, तेव्हा असे पदार्थ सजीवांतल्या खास ‘जीवनशक्ती’विना बनत नाहीत, या समजाची अशीच एक फट बुजली होती.

– एक वाचक