बिरगूवर लिहितेस, तर हेही घाल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या अंकासाठी तू माल्टा बेटावरच्या माझ्या या बिरगू गावावर लिहायला घेतलंस, वाचून बरं वाटलं. मसुदा वाचला. तारखा बरोबर आहेत, पण सगळा लेख तोफा-तलवारींनी भरलाय. इथे राहून मला जे कळलं ते लिहिते, त्यातलं हवं ते घे.

तू थेट १५६५ च्या तुर्की वेढ्यापासून सुरुवात करतेस. त्याआधीचं थोडं हवं. सेंट जॉनचे नाइट म्हणजे मुळात जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी रुग्णालय चालवणारा पंथ. शस्त्रं त्यांच्या हाती नंतर आली. १५२२ मध्ये तुर्कांचा सुलतान सुलेमान याने रोड्स बेट त्यांच्याकडून जिंकून घेतलं. मग काही वर्षं त्यांना ठावठिकाणा नव्हता. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिलं. त्याचा खंड किती, तर वर्षाला एक बहिरी ससाणा! बेटाची राजधानी इमदीना आत उंचावर होती, पण यांचा सगळा संसार गलबतांवर. म्हणून ते बंदराकाठच्या बिरगूत उतरले. पाण्यात घुसलेली चिंचोळी जमीन आणि तिच्या टोकाला जुना किल्ला, तोच आजचा सेंट अँजेलो.

आल्यावर दोनेक वर्षांत त्यांनी रुग्णालय बांधायला घेतलं. ती जागा अजून आहे, फक्त सतराव्या शतकापासून तिथे बेनेडिक्टाइन जोगिणींचा मठ आहे. मठाच्या भिंतीला लागूनच माझी वाट. रुग्ण हा धनी आणि आपण त्याचे चाकर, असा या पंथाचा नियम होता. बड्या घरची सरदारांची मुलं पाळीपाळीने रुग्णांची सेवा करत. पुढे व्हॅलेटा या नव्या राजधानीत त्यांनी जे मोठं रुग्णालय उभारलं, तिथे रुग्णांना चांदीच्या ताटात जेवण मिळे. आमच्या वृद्धाश्रमात हे सांगितलं, तर एक आजोबा म्हणाले, "मग आम्हालाच प्लास्टिक का?" १७९८ मध्ये नेपोलियन आला आणि त्या चांदीतली पुष्कळशी वितळवली गेली.

आता दुसरी बाजू. याच नाइटांची लढाऊ गलबतं वल्हवायला गुलाम बांधलेले असत. नाइट मुसलमानांची जहाजं लुटत, माणसं धरून आणत आणि विकत. माल्टा हा भूमध्य समुद्रातला गुलामांचा मोठा बाजार होता, आणि तो अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. समोरची बाजूही तशीच. १५५१ मध्ये सिनान पाशा आणि दर्यावर्दी सरदार द्रागुत यांच्या तुर्की आरमाराने शेजारच्या गोझो बेटावरची सुमारे पाच हजार माणसं, म्हणजे जवळजवळ सगळं बेटच, धरून नेलं. रुग्णालयात गुलामांवरही उपचार होत. रुग्णाला धनी म्हणणारे आणि माणूस विकणारे हात एकच. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिही. वेगवेगळ्या लिहिल्यास की वाचणारा सोयीची तेवढी उचलतो.

वेढ्याबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, म्हणून थोडक्यात. मे महिन्यात तुर्की आरमार आलं. समोरच्या सेंट एल्मो किल्ल्याने महिनाभर तग धरला आणि २३ जूनला तो पडला. द्रागुत तिथेच जखमी होऊन मेला. बिरगू आणि शेजारचं सेंगलिया गाव यांच्यामधल्या खाडीच्या तोंडावर लोखंडी साखळदंड ताणला होता, तुर्की गलबतं आत घुसू नयेत म्हणून. ग्रँड मास्टर, म्हणजे पंथाचा प्रमुख, ला व्हालेत सत्तरीच्या घरातला, पण तो बिरगू सोडून हलला नाही. हे सगळं तू लिहिलं आहेस. एक राहिलं. सेंट एल्मो पडल्यावर तुर्कांनी मेलेल्या नाइटांची प्रेतं क्रुसावर बांधून पाण्यात सोडली. उत्तरादाखल ला व्हालेतने तुर्की कैद्यांची मुंडकी तोडून तोफांतून डागली, असं इतिहासात येतं. ८ सप्टेंबरला, विजयाच्या दिवशी, हे कोणी फारसं बोलत नाही. तू लिही.

आणि तटावर नुसते नाइट नव्हते. ते पाचशेच्या आसपास. बाकी सगळे माल्टी गावकरी आणि भाडोत्री शिपाई. बाया-पोरं दगड वाहून नेत, पडलेला तट रात्रीतून पुन्हा रचत. सेंगलियाच्या पाण्यात माल्टी पोहणारे तोंडात सुरा धरून तुर्कांशी भिडले. ७ सप्टेंबरला सिसिलीहून कुमक उतरली आणि वेढा उठला. गावाला 'व्हित्तोरियोसा', म्हणजे विजयी, ही पदवी मिळाली. पण पुढल्याच वर्षी नाइटांनी पलीकडच्या टेकडीवर व्हॅलेटाचा पाया घातला आणि १५७१ मध्ये बस्तान तिकडे हलवलं. बिरगूकडे राहिले ते तट, खलाशी आणि इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड्यांचा न्याय करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा. त्या वाड्यातले दोन अधिकारी पुढे पोप झाले.

सणांचा भाग तू दोन ओळींत उरकलास, तो वाढव. गावाचा संत लॉरेन्स, त्याचा दिवस १० ऑगस्ट. आधीचे कितीतरी दिवस गल्ल्यांवर लाल मखमली पडदे लटकतात, बँडवाले वाजवत फिरतात आणि दारूकामाचे बार असे उडतात की पेशंटांना झोपेची गोळीसुद्धा लागू पडत नाही. गुड फ्रायडेला घंटा वाजत नाहीत, लाकडी खुळखुळे वाजतात. आणि ईस्टरला पुनरुत्थित येशूची मूर्ती खांद्यावर घेऊन पुरुष चढावरून अक्षरशः पळतात. आपल्याकडे शिमग्यात पालखी नाचवतात ना, अंगात तोच जोर. पोरं बदामाच्या सारणाची मोठी 'फिगोल्ला' बिस्किटं उंच धरतात, आशीर्वाद मिळावा म्हणून. ८ सप्टेंबरला बंदरात होड्यांच्या शर्यती होतात. बिरगू, बोर्मला, सेंगलिया ही शेजारची गावं एकमेकांना त्या दिवशी शत्रूच मानतात.

गावाचं अर्धं दगडकाम जुनं आणि अर्धं पुन्हा बांधलेलं, हेही सांग. जानेवारी १९४१ मध्ये बंदरात ब्रिटिशांची इलस्ट्रियस ही विमानवाहू नौका दुरुस्तीला होती, तिच्यावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले आणि आजूबाजूची गावं मोडली. पुढच्या वर्षी चौकातला जुना घड्याळ-मनोरा गेला. लोक खडकात खोदलेल्या भुयारांत राहिले. माल्टातल्या अशा भुयारांत बाळंतिणींसाठी वेगळ्या खोल्याही काढल्या होत्या. आमच्याकडची एक आजी तेव्हा सातेक वर्षांची होती. वेढ्यातल्या नाइटांबद्दल तिला काही विचारलं तर ती हात झटकते. तिला आठवतो तो ओलसर वास, खोकला आणि पाव नसणं.

आपल्या बाजूचा एक धागा हवा असेल तर आहे. १८७८ मध्ये रशियाशी युद्ध पेटेल या भीतीने ब्रिटिशांनी सात हजारांच्या आसपास हिंदी सैनिक माल्टाला आणले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. लढाई झालीच नाही, काही तुकड्या तिथून सायप्रसला गेल्या. हे शोधायला कॉलेजच्या ग्रंथालयात विचार.

शेवटचे ब्रिटिश सैनिक इथून ३१ मार्च १९७९ ला गेले. त्याचं स्मारक बिरगूच्या धक्क्यावर आहे, आणि आता शेजारी श्रीमंतांच्या नौका उभ्या असतात. जहाज दुरुस्तीत हात काळे करणाऱ्यांची मुलं आज हॉटेलात नाहीतर ऑनलाइन जुगाराच्या कंपन्यांत कामाला आहेत. मला याचं फार कौतुक नाही, पण तू तुझं मत बनव.

सुट्टीत येणार असशील तर ईस्टरला ये, ऑगस्टमध्ये उन्हाने जीव जातो. मठापासून सेंट अँजेलोपर्यंत आपण चालत जाऊ. तो आता लोकांसाठी खुला आहे, वर तटावर चढता येतं. पासपोर्टची मुदत बघून ठेव आणि बाबांना औषधं वेळेवर घ्यायला सांग.

तुझी,
आई