शंभरीचा लेख आणि शेजारची ट्रंक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत माझ्या आईच्या शंभरीनिमित्त आपण अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार मानणे माझे कर्तव्य आहे. ते पार पाडून मुद्द्याकडे वळतो.

आईचा जन्म १९२५ चा, हे लेखात बरोबर छापले आहे. पण पुढच्याच ओळीत तिचे बालपण ‘राजर्षी शाहू महाराजांच्या राजवटीत’ गेल्याचे म्हटले आहे. महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले, हे कोल्हापुरातल्या वृत्तपत्राला मी सांगावे, याचा मलाच संकोच वाटतो. आईने पाहिली ती राजाराम महाराजांची राजवट, आणि तसे तिने आपल्या प्रतिनिधीस दोनदा सांगितलेही होते. १५ ऑगस्ट १९४७ ला मोठी चौकट मिळाली. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याचा मात्र लेखात मागमूस नाही.

खरा राग वेगळाच आहे. गांधीहत्येनंतर शहरात जाळपोळ झाली, जयप्रभा स्टुडिओ जळाला, तेव्हा आई शुक्रवार पेठेत नुकतीच नांदायला आली होती. शेजारच्या ब्राह्मण घरातल्या काकूंनी रात्री परसदारातून आपली पत्र्याची ट्रंक तिच्या स्वाधीन केली. आत तांब्या-पितळेची मिळून चौदा भांडी होती. आईने ती गोठ्यात कडब्याखाली दडवली आणि काकू परतल्यावर एकेक मोजून परत केली. त्यातल्या एका फुलपात्राला पोचा होता. तो आधीचाच की आपल्या हातून पडलेला, ही रुखरुख तिला अजून आहे. हे सारे ती पाऊण तास सांगत होती आणि आपले प्रतिनिधी मान डोलवत लिहूनही घेत होते. छापून काय आले, तर ‘बापूंच्या हत्येची वार्ता ऐकताच आजींना अश्रू अनावर झाले.’

असे ती बोललीच नव्हती. मी हे वाक्य वाचून दाखवले तेव्हा ‘ही कोण बाई?’ असे तिने मला विचारले. वाचून दाखवावे लागले, कारण गुलाबी रंगावर बारीक पांढरी अक्षरे छापण्याची जी नवी हौस आपल्या पुरवणीला जडली आहे, ती माझ्या सत्तरीतल्या डोळ्यांनाही झेपत नाही. दुरुस्ती छापणार असाल, तर कृपया ती तरी काळ्या शाईत छापावी.

आपला,
एक जुना वर्गणीदार
शुक्रवार पेठ, कोल्हापूर